हॅवलॉकला सात जणांसाठी रिसॉर्ट: राधानगर, विजयनगर की सरळ नील?

सोनटक्का

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचं ठरलंय, विमानाची तिकिटं हातात आहेत. पहिल्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम), कारण सासऱ्यांना सेल्युलर जेल घाई न करता बघायचं आहे. त्यानंतर चार रात्री हॅवलॉक किंवा नील बेटावर आणि परतीच्या विमानाआधी एक रात्र हाताशी. अडलंय ते त्या चार रात्रींपाशी.

आम्ही सात जण. आम्ही दोघं, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चारचा, सासू-सासरे आणि नणंद. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर चालतात, पण वाळू आणि पायऱ्या नको म्हणतात. मुलगी पोहायला शिकली आहे आणि तिला समुद्रात पोहायचंच आहे. सासूबाई शाकाहारी. नणंदेला स्कूबा करायचं आहे. मुलाला बादली आणि फावडं दिलं की तो कुठेही रमतो.

तीन पर्याय उरलेत. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा त्या त्या हॉटेलच्या चादरींवर जाते.

अ) राधानगर बाजूला, झाडीत कॉटेजेस, किनारा पाच मिनिटांच्या चालीवर. तिघांत सगळ्यात महाग.
ब) विजयनगरला, समुद्राला लागून. फोटोत कॉटेजच्या पायरीशी पाणी दिसतं. तरणतलाव आहे. भाव मधला.
क) नीलला, भरतपूर किनाऱ्याजवळ. साधं, छोटं, स्वस्त. तलाव नाही.

मला 'अ' हवंय, नवऱ्याला 'ब', आणि एजंट 'क'वर फार जोर देतोय. तुम्ही कशावरून ठरवाल?

गलबत

हॉटेल बाजूला ठेवा, आधी तिथी सांगा.

लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या. अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती मोठी आणि ओहोटीही तितकीच खोल. हॅवलॉकच्या पूर्वेकडचे किनारे (गोविंदनगर, विजयनगर, पुढे काळापत्थर) उथळ आहेत. उधाणाच्या ओहोटीला तिथे पाणी पार लांब जातं. पायरीशी पाणी दिसतंय तो फोटो भरतीचा आहे, तो खोटा नाही, पण तो दिवसातल्या थोड्याच वेळाचा आहे. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाचे दिवस येतात, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. तुम्ही बेटावर नेमक्या कोणत्या तिथींना आहात, त्यावर 'ब'चं उत्तर बदलेल.

सोनटक्का

भाऊबीज करून तृतीयेला निघतोय. पंचमीला बोटीने हॅवलॉक, नवमीला परत पोर्ट ब्लेअर.

गलबत

मग चांगलंच जमलंय. पंचमीला उधाण ओसरत आलेलं असेल, पुढचे दिवस भांगाकडे जाणारे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिथे असतात त्यांच्याइतकं उघडं पडलेलं विजयनगर तुम्हाला बघावं लागणार नाही.

एक सांगतो. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ते गणित तिकडे लावू नका. प्रत्येक बंदराची वेळ निराळी. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक इंटरनेटवर मिळतं, हॅवलॉकसाठी ते पुरतं. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. चारही दिवसांच्या वेळा कागदावर उतरवून घ्या आणि पोहणं, नाश्ता, झोप सगळं त्याभोवती बसवा.

खाडीकाठ

मी दोन्ही बाजूंना राहिलो आहे, लहान मुलांना घेऊन आणि आईला घेऊनही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हॅवलॉकला दोन तोंडं आहेत. पश्चिमेला राधानगर, म्हणजे सात नंबरचा बीच. पांढरी वाळू, मागे सी-महुआची उंच झाडं, पाण्यात शिरलं की पायाखाली दगड नाही. २००४ मध्ये 'टाइम'ने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि २०२० मध्ये त्याला 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळालं. पोहायला आखून दिलेला भाग आहे, जीवरक्षक आहेत. ओहोटी असली तरी इथे पोहता येतं, आणि तुमच्या मुलीच्या दृष्टीने हा एकच मुद्दा पुरेसा आहे. फक्त लाटा असतात. पोहण्याच्या तलावात शिकलेल्या मुलांना पहिल्या दिवशी लाटेचा धक्का नवा असतो, मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं.

पूर्वेला गोविंदनगर आणि विजयनगर, म्हणजे तीन आणि पाच नंबर. बहुतेक हॉटेलं, खाणावळी, स्कूबावाले, धक्का, बाजार सगळं याच अंगाला. पाणी शांत, रंग असा की बघत राहावं. पण ओहोटीला त्याच पाण्याच्या जागी ओली वाळू, मेलेल्या प्रवाळाचे खडे, मध्ये मध्ये डबकी, आणि मच्छीमारांच्या होड्या एका कुशीवर कललेल्या. घोट्याएवढ्या पाण्यातून शंभर-दीडशे पावलं गेलात तरी गुडघा भिजत नाही. पोहायला आलेल्याचा हिरमोड होतो.

हे फोटोत कळत नाही. कळून घ्यायचं असेल तर नकाशाचं उपग्रहचित्र उघडा. राधानगरला पांढऱ्या पट्टीला लागून लगेच निळा रंग दिसतो. विजयनगरला पांढरी पट्टी, मग हिरवट-तपकिरी रुंद पट्टा, आणि मग निळं. तो मधला पट्टा म्हणजे तुमच्या हॉटेलचा ओहोटीचा समुद्र. कुठल्याही बेटावरच्या कुठल्याही हॉटेलसाठी मी आधी हेच बघतो आणि मगच खोल्यांचे फोटो उघडतो. पाहुण्यांनी स्वतः टाकलेले फोटो बघा, हॉटेलने टाकलेले नकोत. आणि त्यातही सकाळ, दुपार, संध्याकाळ असे वेगवेगळ्या वेळेचे बघा.

तरीही मी तुम्हाला 'अ' घ्या असं सांगणार नाही. राधानगर धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. रस्ता चांगला आहे, टॅक्सी-रिक्षा मिळतात, अर्ध्या तासात पोहोचता. म्हणजे विजयनगरला राहून राधानगरला रोज जाता येतं. उलट राधानगरला राहिलात तर जेवण, औषध, स्कूबा, बोट, सगळ्यासाठी डोंगर ओलांडून इकडेच यायचं.

मुशाफिर

खाडीकाठ, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

रानजाई

ओहोटीबद्दल इतकं वाईट वाचून मला राहवलं नाही.

चार वर्षांच्या मुलासाठी विजयनगरची ओहोटी ही अंदमानातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, असं मी मनापासून सांगते. लाट नाही, खोली नाही, आणि डबक्यांमध्ये एक अख्खं गाव भरलेलं. शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, काळ्या समुद्रकाकड्या, बोटाएवढे मासे जे सावली पडली की दगडाखाली जातात. माझा मुलगा एका डबक्यापाशी उकिडवा बसला तो जेवायलाही उठेना. मोठ्या लाटांच्या किनाऱ्यावर त्याच वयात तो माझ्या कमरेला चिकटून होता.

दोन गोष्टी मात्र पाळा. रबरी तळव्याचे, पायातून न निघणारे बूट सगळ्यांना हवेत, प्रवाळाची जखम लवकर भरत नाही. आणि शंख, शिंपले, प्रवाळ काही उचलून आणायचं नाही. प्रवाळाला वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे आणि परतताना विमानतळावर सामान तपासतात. मुलाला आधीच सांगून ठेवा की बघायचं, हात लावायचा नाही, घरी न्यायचं नाही. मुलं ऐकतात.

आणि वाळूतल्या बारीक माश्या! संध्याकाळी ओल्या वाळूवर चावतात, दुसऱ्या दिवशी खाज सुटते. पायांना खोबरेल तेल चोपडून जा.

मुशाफिर

मी हवामानाचं बोलतो, कारण दिवाळी म्हटलं की तेच आधी डोळ्यासमोर येतं.

अंदमानला दोन्ही पावसाळे लागतात. नैर्ऋत्य मान्सून तिथे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येकडचा पाऊस असतो. शिवाय बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा हाच हंगाम. सलग चार दिवस निळं आकाश मिळेल, किंवा एक दिवस धो धो पाऊस आणि बोटी बंद, दोन्ही शक्य आहे. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानात हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि नौदल, तटरक्षक दलाने त्यांना बाहेर काढलं. घाबरवायला सांगत नाही. तुम्ही परतीच्या विमानाआधी एक रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवली आहे, ती काहीही झालं तरी काढू नका. एजंट म्हणेल की ती रात्रही बेटावर घालवा. नाही म्हणा.

हॉटेल निवडताना याचा संबंध असा की, पावसाच्या दिवशी सात माणसं कुठे बसणार हे विचारा. प्रत्येक कॉटेजला झाकलेली पडवी आहे का? जेवणघर बंदिस्त आहे की नुसतं छप्पर? झाडीतलं कॉटेज उन्हात फार छान वाटतं, पावसात चार भिंतींत दोन मुलं म्हणजे सगळ्यांचीच परीक्षा. रद्द करण्याचे नियम लेखी घ्या. बोट सुटली नाही म्हणून पोहोचता आलं नाही तर पहिल्या रात्रीचे पैसे परत की पुढे ढकलून मिळणार, हे मेलवर लिहून आलं पाहिजे.

बोट सकाळची घ्या, त्या वेळी समुद्र बहुधा शांत असतो. मॅक्रूझ, नॉटिका या बंद, वातानुकूलित बोटी आहेत, दीड-दोन तासांत पोहोचवतात. मळमळीची गोळी निघायच्या आधी घ्यायची, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

तांबडफुटी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे माझं लक्ष सासऱ्यांकडे गेलं.

गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाळूत चालणं सपाट रस्त्यापेक्षा बरंच जड जातं. बीच रिसॉर्टमध्ये खोलीपासून जेवणघरापर्यंतची वाट बऱ्याचदा वाळूचीच असते. दिवसातून तीन वेळा जेवायला, म्हणजे सहा फेऱ्या. हॉटेलला फोन करून विचारा की फरसबंद वाट आहे का आणि जेवणघराच्या सगळ्यात जवळची तळमजल्याची खोली देतील का. "समुद्राजवळची खोली" मागितलीत तर ती बहुधा जेवणघरापासून सगळ्यात लांब असते, हे लक्षात ठेवा.

दुसरं, न्हाणीघर. फोटो नका मागू, तिथल्या कर्मचाऱ्याला फोनवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून पाठवायला सांगा. दारातून आत शिरून पार शॉवरपर्यंत. उंबरा किती उंच आहे, फरशी गुळगुळीत आहे का, कमोडशेजारी धरायला काही आहे का, हे त्यात दिसतं. जे हॉटेल असा व्हिडिओ आनंदाने पाठवतं ते तिथे गेल्यावरही मदत करतं, असा माझ्या रुग्णांच्या घरच्यांचा अनुभव आहे. झाडीतली कॉटेजेस पुष्कळदा खांबांवर उभारलेली असतात. 'अ'ला किती पायऱ्या आहेत ते नक्की विचारा.

औषधपाण्याचं म्हणाल तर हॅवलॉकला सरकारी आरोग्य केंद्र आहे, ते पूर्वेच्या अंगाला. मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच. नेहमीची औषधं आठवडाभराची जास्तीची न्या आणि ती चेक-इनच्या सामानात टाकू नका.

सोनटक्का

केवढी मदत! तांबडफुटी ताई, व्हिडिओची कल्पना फारच छान. आजच तिघांनाही सांगते.

एक भीती विचारते. मगरींचं काय? सासूबाईंनी कुठेतरी वाचलंय आणि तेव्हापासून त्या मुलांना पाण्यात सोडायला तयार नाहीत.

गलबत

त्यांचं वाचलेलं बरोबर आहे. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हला एका पर्यटकाचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. त्या मगरी खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या कडेने, गढूळ पाण्यात वावरतात. म्हणून नियम साधा. जिथे जीवरक्षक आहेत आणि भाग आखून दिलाय तिथेच उतरायचं, नील्स कोव्हला फक्त बघायचं, तिवरांजवळ आणि ओढ्याच्या मुखाशी उतरायचं नाही, अंधार पडायच्या आत बाहेर यायचं. पाटीवर बंदी लिहिली असेल तर शेजारी दुसरं कोणी पोहतंय म्हणून आपण उतरायचं नाही. एवढं पाळून रोज कितीतरी कुटुंबं तिथे निर्धास्त पोहतात. सासूबाईंना सांगा, नातवंडं त्यांच्या नजरेच्या टप्प्यातच राहतील.

निळाई

नीलची बाजू कोणी मांडतच नाही, म्हणून मी मांडते!

शहीद द्वीप हे आताचं नाव. बेट एवढं छोटं की या टोकाहून त्या टोकाला रिक्षाने थोड्या वेळात जाता. दोन्ही बाजूंना भातशेती, केळी, भाजीचे मळे, सायकलवरून शाळेत जाणारी मुलं. संध्याकाळी लक्ष्मणपूरला सूर्यास्त, पहाटे सीतापूरला सूर्योदय, आणि ओहोटीची वेळ साधून तो दगडी नैसर्गिक पूल. भरतपूर धक्क्याला लागूनच आहे, पाणी उथळ आणि हिरवंनिळं. हॅवलॉकवर गर्दी वाटते, नीलवर आपण कोणाच्या तरी गावात पाहुणे आलोय असं वाटतं. साध्या हॉटेलातही घरचे लोक स्वतः वाढतात. मला पुन्हा जायचं तर मी नीललाच जाईन.

खाडीकाठ

निळाई, नील मलाही फार आवडतं. पण या मंडळींसाठी चारही रात्री तिथे नको. भरतपूरही ओहोटीला उघडं पडतं, नैसर्गिक पुलाकडे जायला ओल्या, निसरड्या दगडांवरून चालावं लागतं म्हणजे सासरे बाहेरच थांबणार, आणि 'क'ला तलाव नाही.

तलाव का हवा ते सांगतो, कारण "समुद्र असताना तलाव कशाला" असं सगळेच म्हणतात. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि हॅवलॉक जवळजवळ त्र्याण्णव अंशावर. म्हणजे सूर्य तिथे पाऊण तास आधी उगवतो आणि आधी मावळतो. नोव्हेंबरात पाच वाजले की सूर्य गेला. किनाऱ्यावर शिट्ट्या वाजवून सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात. त्यानंतर जेवणापर्यंत दोन-अडीच तास मुलं काय करणार? ज्या हॉटेलला तलाव आहे तिथे हा प्रश्नच उरत नाही. तलावाची वेळ मात्र विचारून घ्या, काही ठिकाणी सहाला बंद करतात.

निळाई

मान्य. सासऱ्यांचं वाचल्यावर मीही पुलाचा आग्रह धरणार नाही. पण नवमीला थेट पोर्ट ब्लेअरला येण्याऐवजी बोट नीलमार्गे मिळाली तर दुपारपर्यंत उतरून बघा. सामान धक्क्याजवळ ठेवून भरतपूरला काचेच्या तळाची बोट, जेवण, आणि पुढची बोट. लहानग्याला फार आवडेल.

दर्यावर्दी

मालदीवचा विचार का नाही केला?

मुशाफिर

तिथे बहुतेक ठिकाणी एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट. बेटावर उतरलात की बदल नाही, जेवणही तिथलंच. काही बेटांवर सीप्लेननेच जावं लागतं आणि ती फक्त दिवसाउजेडी उडतात, विमान संध्याकाळी उतरलं तर रात्र मालेला. दोघांसाठी छान. सात जणांसाठी, आणि सेल्युलर जेल बघायचं असताना, तो वेगळाच प्रवास होतो. विषय तिकडे नको न्यायला.

चवदार

जेवणाचं आणि पैशाचं थोडं.

हॉटेलवाले सीपी, एमएपी, एपी असं विचारतील. सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे सगळं. राधानगरला राहणार असाल तर एमएपी घ्या. किनाऱ्याबाहेर टपऱ्या-खाणावळी आहेत, पण अंधार पडला की हळूहळू बंद होतात. विजयनगर-गोविंदनगरला सीपी पुरे, चालत जाता येईल अशा कितीतरी जागा आहेत. हॅवलॉकची गावं फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवली. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही नावंही त्यांचीच. त्यामुळे छोट्या खाणावळीत साधा वरणभात, वांग्याचे काप, बटाट्याची भाजी आदल्या दिवशी सांगितली तर प्रेमाने करून देतात. सासूबाईंचा प्रश्न तिथे सुटेल. मासे खाणाऱ्यांनी सांगायलाच नको. भांडी वेगळी हवी असतील तर हॉटेलपेक्षा अशा ठिकाणी बोलणं सोपं पडतं.

दराचं म्हणाल तर तिन्ही हॉटेलांकडून "सगळे कर धरून, सात जणांचं, तीन खोल्यांचं" असा एकच आकडा मागा. सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे सात हजारांची आणि आठ हजारांची खोली यांच्यातलं अंतर दिसतं त्याहून बरंच मोठं आहे. मुलांचं वय किती वर्षांपर्यंत मोफत, जास्तीच्या गादीचे किती, त्या गादीबरोबर नाश्ता धरलाय का, हेही लिहून घ्या. दिवाळीत काही हॉटेलं सक्तीचं 'गाला डिनर' लावतात, ते पंचमीनंतर आहे का विचारा. मला एका हॉटेलने हिशेब करताना हे शेवटच्या दिवशी सांगितलं होतं, आणि त्या टेबलापाशी उभं राहून वाद घालायची वेळ माझ्या वडिलांसमोर आली, ते अजून डाचतं.

खोलखोल

नणंदबाईंसाठी. स्कूबाच्या जागा, गोविंदनगरचा नेमो रीफ वगैरे, पूर्वेलाच आहेत, 'ब'ला राहून तिथे जाणं सोयीचं. दमा, हृदय, कान यांचा काही त्रास असेल तर फॉर्मवर खरं लिहायचं आणि आधी डॉक्टरांना विचारायचं. मुलीला स्कूबा शिकवणाऱ्या पाडी संस्थेच्या नियमाने समुद्रात स्कूबासाठी दहा वर्षं पूर्ण हवीत, त्यामुळे तिला कोणी "चालतं हो" म्हणालं तरी नाही म्हणा. तिच्यासाठी स्नॉर्केलिंग आहेच.

शेवटच्या दिवशी स्कूबा ठेवू नका. पाण्यातून वर आल्यावर विमानात बसायच्या आधी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाइव्ह केल्या तर १८ तास जाऊ द्यायचे. तुमची एक रात्र पोर्ट ब्लेअरला आहे म्हणून निभेल, तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उरका. दिवाळीनंतर चंद्र लहान असतो, लवकर मावळतो, तेव्हा पहिल्या रात्री अंधारात पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा तो निळसर उजेड दिसायची शक्यता चांगली असते. तिवरांतून रात्रीची कयाक सफर नेतात. मोठ्यांनीच जावं.

सोनटक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिडिओ आले, तेवढ्यावरच निम्मा निर्णय झाला.

'अ'ला खोलीत शिरायला आठ पायऱ्या, आणि न्हाणीघर उघड्यावर, दगडी. दिसायला फार देखणं, पण सासऱ्यांनी व्हिडिओ बघून काहीच न बोलता फोन परत दिला. 'ब'ची एक पायरी, जेवणघरापर्यंत सिमेंटची वाट, आणि किनाऱ्याच्या कडेला झाडांखाली बाकं. 'क'कडून व्हिडिओ आलाच नाही.

आता नवरा म्हणतो दोन रात्री 'ब' आणि दोन रात्री 'अ' करूया, म्हणजे मलाही राधानगर मिळेल. हे करावं का?

खाडीकाठ

नका करू. चार रात्रींत मध्येच सात जणांचं सामान बांधायचं, अकराला खोली सोडायची, दोनला दुसरी मिळायची, मधले तीन तास आजी-आजोबा आणि चार वर्षांचं पोर लॉबीत. एक अख्खा दिवस हातचा जातो.

माझं म्हणणं असं की हॉटेल त्यांच्यासाठी निवडावं जे हॉटेलवर जास्त वेळ थांबणार आहेत. तुमच्या घरात ते सासरे आणि धाकटा. तुम्ही, तुमची मुलगी, नणंद, तुम्हाला तर बाहेर पडायचंच आहे, टॅक्सी करून कुठेही जाल. आजोबांना खोलीतून निघून बाकावर बसल्या बसल्या समुद्र दिसला पाहिजे आणि नातू समोर डबक्यात खेळताना दिसला पाहिजे. ते 'ब'ला होतं. राधानगर त्यांनाही दाखवा, टॅक्सी किनाऱ्याच्या तोंडापर्यंत जाते, झाडांखाली बसायला जागा आहे.

तांबडफुटी

अगदी हेच. आणि सासरे काही न बोलता फोन परत देतात हे मी रोज बघते. त्यांनी "चालेल मला" म्हटलं तरी आठ पायऱ्या दिवसाला सहा वेळा होतात.

रानजाई

सोनटक्का, तुम्हाला राधानगर हवं होतं ते मला कळतंय. एक दुपार तुमची एकटीची ठेवा. मुलं आजीकडे, तलावापाशी. दीडला निघालात तर सूर्यास्तापर्यंत तीन तास मिळतात. किनाऱ्याच्या पायवाटेने उजवीकडे थोडं चालत गेलात की गर्दी मागे राहते.

सोनटक्का

'ब' नक्की केलं. तळमजल्याच्या तीन खोल्या, शेजारी शेजारी, त्यातली एक जेवणघराला लागून. कर धरून एकच आकडा मेलवर मागितला, तो एजंटच्या आकड्यापेक्षा कमी आला. बोट सुटली नाही तर तारीख पुढे करून देतील असंही लिहून दिलंय. तलाव रात्री आठपर्यंत उघडा. गाला डिनर नाही, मुद्दाम विचारलं. सासूबाईंनी कोष्टक बघून चारही दिवसांच्या भरतीच्या वेळा कालनिर्णयवर लिहून ठेवल्यात, आता घरात सगळे त्याच वेळांवर बोलतायत!

शेवटचं एक. एजंटने एलिफंट बीच सगळ्यांसाठी धरलाय. सासरे आणि धाकटा, दोघांनाही न्यायचं का?

गलबत

सासऱ्यांना नको. धक्क्यावरून स्पीडबोट जाते, पण तिकडे उतरताना बरेचदा हलत्या बोटीतून शिडीने गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो. चढतानाही तेच. दुसरी वाट जंगलातून पायी आहे, चिखलाची, तीही नको.

मुलीला आणि नणंदेला न्या, प्रवाळ बघायला तिथे मजा येते. २०१० मध्ये पाणी तापून बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं, तरी मासे भरपूर आहेत. धाकट्याला न्यायचं तर त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते आदल्या दिवशी हॉटेलमार्फत विचारून घ्या, मोठ्यांचं जॅकेट आवळून घालतात ते चालू देऊ नका. त्याच्या मापाचं नसेल तर तो आजोबांबरोबर विजयनगरलाच बरा. सकाळची पहिली बोट घ्या, दहानंतर गर्दी होते.